छत्रीची घडी

आग्र्याच्या छत्रीधारी सैनिकांच्या प्रशिक्षण शाळेत एन.सी.सी.च्या छात्रांसाठी विमानातून उडी मारण्याचे शिबिर भरते. या वर्षी त्यासाठी माझे नाव आले. महाविद्यालयात अभिनंदन झाले, मैत्रिणींनी कँटीनमध्ये चहा उकळला, आणि संध्याकाळी मी पालकांच्या सहीचे संमतिपत्र घेऊन घरी गेले. घरी आई शिलाई मशीनवर बसली होती. औरंगपुऱ्यातील आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली तिच्या मशीनची आहे. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, लग्नसराईत घागरे. या मशीनवरच आम्हा दोघा भावंडांचे शिक्षण चालले आहे. तिने कागद शांतपणे वाचला. ‘जोखीम’ हा शब्द तिने दोनदा वाचला असावा, कारण तेथे तिचे बोट थांबले. मग तिने एकच प्रश्न विचारला. त्या छत्रीची घडी कोण घालणार?

तेथली माणसे घालतात, मी म्हटले. त्यासाठी वेगळी, शिकलेली माणसे असतात. आईने कागद मशीनच्या खणात ठेवला आणि खण बंद केला. जीव माझ्या लेकीचा आणि घडी दुसऱ्याची, हे तिला पटले नाही. मला घडी शिकवणार असतील आणि मीच ती घालणार असेन, तर ती सही करणार होती, नाहीतर नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या एन.सी.सी.च्या सरांना सांगितले. ते हसले. नवशिक्याच्या हाती पहिल्या उडीची छत्री घडी करायला कोणी देत नाही, देऊही नये, असे त्यांचे मत पडले. हे उत्तर मी घरी जसेच्या तसे सांगितले, आणि परिस्थिती आणखी बिघडली. माझी विद्यार्थिनी उडी मारायला लायक आहे पण घडी घालायला नाही, हा कसला न्याय, असे आईला वाटले. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर तसेच वाटले.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. अडचण आली की आम्ही मागे जाऊन पाहतो. अशी मागे जाता जाता मला एक बाई भेटली. तिचे नाव केटे पाउलुस. जर्मनीत हे नाव अनोळखी नाही. तिच्या गावच्या शाळेला तिचे नाव दिलेले आहे. आपल्याकडे मात्र ती कोणाला फारशी ठाऊक नाही. तिचे चरित्र मी आईला चार-पाच रात्री, ती फॉल लावत असताना, तुकड्या-तुकड्याने सांगितले. तेच येथे लिहीत आहे.

पण त्याआधी थोडे मागचे. कापडाच्या छत्रीने आकाशातून उतरण्याचा पहिला मोठा पराक्रम पॅरिसमध्ये 22 ऑक्टोबर 1797 रोजी आंद्रे-जाक गार्नेरिन याने केला. तो बलूनने वर गेला, दोर कापला आणि छत्रीखाली टांगलेल्या टोपलीत बसून हेलकावे खात खाली आला. दोन वर्षांनी, 1799 मध्ये, त्याची शिष्या आणि पुढे पत्नी झालेली जान लाब्रॉस हिनेही तशीच उडी घेतली. स्त्रीने छत्रीने उतरण्याचा तो पहिला प्रसंग. गार्नेरिनच्या छत्रीची एक गोष्ट माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती घडी करून पिशवीत ठेवलेली नसे. ती बलूनखाली उघड्यावर लोंबत असे, आणि वर जाताना ती किंचित उघडी राहावी म्हणून खालच्या बाजूला एक लाकडी कडे असे. म्हणजे घडीचा प्रश्नच नव्हता. भारतातही छत्रीचे हे खेळ आले ते अशाच काळात: 1889 मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर नावाच्या इंग्रजाने मुंबईत बलूनमधून छत्रीने उतरून दाखवले, आणि पुढल्याच वर्षी त्याचा बंगाली शिष्य रामचंद्र चॅटर्जी याने उडी घेऊन पहिला भारतीय छत्रीवीर होण्याचा मान मिळवला.

घडी आली ती नंतर. आणि घडीबरोबर घडी चुकण्याची भीती आली.

केटे पाउलुसचा जन्म 22 डिसेंबर 1868 रोजी जर्मनीतील हेसन प्रांतात, झेलहाउझेन या लहानशा गावी झाला. घरची गरिबी. ती शिवणकाम शिकली आणि त्यावर पोट भरू लागली. येथवर ऐकून आईने मशीनवरून मान वर केली. शिंपीण होय, असे काहीसे ती पुटपुटली, आणि तेव्हापासून तिने या बाईला आपल्या नात्यात घेतले.

विशीत असताना तिची गाठ हर्मान लाटेमान या बलूनवाल्याशी पडली. तो जत्रांतून, बागांतून, तिकीट लावून बलूनची उड्डाणे करीत असे आणि छत्रीने खाली येत असे. बलून म्हणजे शेकडो वार कापड. ते फाटते, उसवते, काट्याकुट्यांत अडकते, झाडावर पडते. त्याला सुईदोऱ्याचा जाणता हात हवाच होता. केटे त्याच्याकडे बलून दुरुस्त करू लागली, छत्र्या शिवू लागली, आणि दोघांचे मन जुळले. लग्न ठरले होते, झाले नव्हते. एक मुलगा मात्र झाला होता. (हा भाग मी आईला सांगताना जरा घाईने सांगितला. तिच्या तो लक्षात आला, पण ती काही बोलली नाही.)

छत्री शिवता शिवता ती छत्रीला लटकायलाही शिकली. 1893 च्या जुलैमध्ये न्युर्नबर्ग येथे तिने पहिली उडी मारली. पंचवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. लोक तिला मिस पॉली म्हणून ओळखू लागले. लांब केस, आखूड झगा, बूट, आणि डोक्यावर बलून. त्या काळच्या युरोपात बाईने घोट्याच्या वर पाय दाखवणे हीच मोठी बातमी होती. ही तर आकाशातून खाली येत होती.

येथे मी थांबून आईला छत्रीची रचना समजावली, आणि हे समजावणे फार सोपे गेले. पॅराशूट म्हणजे कळ्यांचा घागरा. वर अरुंद, खाली रुंद अशा कापडाच्या कळ्या एकमेकींना जोडायच्या, जोडशिवणीतून किंवा तिच्या टोकाशी दोरी न्यायची, आणि सगळ्या दोऱ्या खाली माणसाच्या पट्ट्यांना बांधायच्या. घडी घालताना प्रत्येक कळी दुसरीवर नीट बसवायची, दोऱ्या एकीत एक न गुंतता सरळ करायच्या, मग त्या नागमोडी दुमडून अडकवायच्या आणि शेवटी कापड पिशवीत भरायचे. उघडताना क्रम उलटा: आधी दोऱ्या ताणल्या जाव्यात, मग कापड बाहेर यावे, मग त्यात हवा भरावी. कापड आधी आणि दोऱ्या मागून आल्या तर सगळा गुंता होतो. छत्री नीट घडी करून पिशवीत भरण्याची कल्पना रुजवण्याचे श्रेय केटेला दिले जाते. मला ते सहज पटते. ज्या बाईने आयुष्यभर कापडाच्या घड्या घातल्या, तिलाच हे सुचायचे. आईने दोन ब्लाउजांचे तुकडे मांडीवर घेऊन घडीचा क्रम स्वतः करून पाहिला आणि पहिल्याच खेपेला दोऱ्याचा गुंता केला. ती बराच वेळ त्या गुंत्याकडे पाहत होती.

मग क्रेफेल्डची गोष्ट आली. ती सांगावी की नाही, यावर मी एक दिवस घालवला. अर्धवट चरित्र सांगून सही मिळवायची हे मनाला पटेना, म्हणून सांगितली.

17 जून 1894. क्रेफेल्ड गावी दोघे एकाच कार्यक्रमात वर गेले. केटेने उडी घेतली, तिची छत्री उघडली आणि ती संथपणे खाली येऊ लागली. त्याच वेळी लाटेमानही उतरू लागला. पण ज्याने त्याला तोलून धरायचे ते कापड भरून आले नाही. तो तिच्या डोळ्यांदेखत खाली गेला. तिला काही करता येत नव्हते. छत्रीखाली लटकलेल्या माणसाला वेग वाढवता येत नाही, कमी करता येत नाही, हात पुढे करूनही काही उपयोग नसतो. ती आपल्या संथ गतीने खाली येत राहिली. पुढल्या वर्षी, 1895 मध्ये, तिचा लहानगा मुलगाही गेला.

त्या रात्री मशीन चालले नाही. आईने दिवा मालवला आणि अंधारात विचारले की त्याच्या कापडाची घडी कोणी घातली होती. मला याचे उत्तर देता आले नाही. पण त्या प्रश्नाने मी रात्रभर जागी राहिले. समजा, त्याने स्वतः घातली असेल. तो नवशिका नव्हता. मग? समजा, तिने घातली असेल. मग ती बाई उरलेली एक्केचाळीस वर्षे कशी जगली असेल? आपली घडी आपणच घालावी या आग्रहात, जीव वाचवण्याइतकीच, दोष दुसऱ्या कोणावर राहू नये हीही इच्छा असते का? माझ्या आईच्या आग्रहात ती होती असे मला आता वाटते. घडी मी घातली आणि चुकली, तर तिला कोणाला शिव्याशाप द्यावे लागणार नव्हते.

केटेने काही काळ हे सगळे सोडून दिले. पण काही महिन्यांनी ती पुन्हा वर गेली. का गेली, यावर लोक हळवे होऊन बरेच काही लिहितात. मला वाटते, तिला हेच एक काम येत होते आणि पोट होते. पुढे वीसएक वर्षे ती युरोपभर हिंडली. पाचशेहून अधिक बलून-उड्डाणे, आणि छत्रीच्या उड्या दीडशेच्या आसपास. तिच्या एका खेळाची फार ख्याती होती. ती एका छत्रीने उतरू लागे, ती छत्री उघडून स्थिर झाली की मुद्दाम सोडून देई, पुन्हा दगडासारखी कोसळे, आणि मग दुसरी छत्री उघडे. खाली बायका किंचाळत. जिने आपला माणूस न उघडलेल्या कापडामुळे गमावला, तिने उघडलेली छत्री रोज हाताने सोडून द्यावी, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. या सगळ्या काळात आपल्या छत्र्या ती स्वतः पाहत असे, स्वतः शिवत असे. ती अर्थातच नवशिकी राहिली नव्हती.

नंतर 1914 चे महायुद्ध आले आणि जत्रेतली ही कला एकाएकी सैन्याच्या कामाची ठरली. दोन्ही बाजूंच्या सैन्याचे बलून दोरखंडाने जमिनीला बांधून उंच सोडलेले असत. टोपलीत बसलेला निरीक्षक शत्रूच्या तोफा कोठे आहेत ते दूरध्वनीवरून खाली कळवी. बलूनमध्ये हायड्रोजन. शत्रूचे विमान आले आणि गोळी लागली की काही क्षणांत पेट. निरीक्षकाला एकच मार्ग: टोपलीबाहेर उडी. त्याची छत्री टोपलीच्या बाहेर पिशवीत टांगलेली, आणि दोरी त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना. या छत्र्या बनवण्याचे काम केटे पाउलुसने बर्लिनमध्ये अंगावर घेतले. युद्ध संपेपर्यंत सुमारे 7000 छत्र्या तिने सैन्याला पुरवल्या, आणि 1917 मध्ये सरकारने त्याबद्दल तिचा पदक देऊन गौरव केला.

आता हे निरीक्षक कोण होते? बहुतेकांनी आयुष्यात एकदाही उडी मारलेली नसे. त्यांची पहिली उडी हीच खरी उडी, आणि तीही डोक्यावर पेटलेला बलून घेऊन. माझ्यापेक्षाही कच्चे नवशिके! बर्लिनमधल्या एका शिंपिणीच्या कारखान्यात शिवलेल्या कापडावर भरवसा ठेवून ते टोपलीवरून पाय टाकत होते, आणि त्यातले कित्येक जिवंत जमिनीवर आले.

आईने येथे गणित मांडले. ती दिवसाला चार ब्लाउज शिवते. छत्री म्हणजे काही ब्लाउज नव्हे, पण तसे धरले तरी 7000 नगांना 1750 दिवस लागतील. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, एकही सुटी न घेता. युद्ध तर चारच वर्षे चालले. तेव्हा हाताखाली बायका असल्याच पाहिजेत, असा तिने निष्कर्ष काढला. एकटीचे ते कामच नव्हे. आईच्याही हाताखाली दोन मुली आहेत. एक काजे-बटणे करते, दुसरी हेम घालते. गिऱ्हाइकाला माल देण्याआधी आई प्रत्येक ब्लाउज उलटा करून त्याची शिवण बोटांनी ओढून पाहते. नवी मुलगी आली की पहिले सहा महिने तिच्या हाती पैठणी जात नाही, जुन्या साडीचे तुकडे जातात. हे सांगता सांगता ती स्वतःच थबकली. मी काहीच बोलले नाही.

या प्रश्नाला जगाने एकच उत्तर दिलेले नाही, हेही मी तिला सांगितले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छत्रीधारी सैनिकाला आपली छत्री स्वतः घडी करायला शिकवत आणि ती जबाबदारी त्याचीच असे. इंग्रजांकडे मात्र हे काम हवाई दलातील स्त्रिया लांबच लांब टेबलांवर करीत आणि सैनिक ती पाठीवर चढवून निघे. अमेरिकेत आज हौशी उडीवाल्याला मुख्य छत्रीची घडी स्वतः घालता येते, परवाना मिळवण्याआधी ती शिकावीही लागते. पण संकटसमयीची दुसरी छत्री मात्र प्रमाणपत्रधारक माणसानेच घडी केलेली लागते, आणि ती न वापरताही दर 180 दिवसांनी उघडून, तपासून, पुन्हा घालावी लागते. आई म्हणाली, त्यात नवे काय, आजीची पैठणी ती दर काही महिन्यांनी उघडून घडी बदलून ठेवते, नाहीतर जर मोडून त्याच रेषेवर फाटते.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेला नियम अमेरिकी नौदलाचा. 1924 मध्ये लेकहर्स्ट येथे घडी घालणाऱ्यांची शाळा निघाली, आणि शिकून बाहेर पडणाऱ्याला स्वतः घडी केलेल्या छत्रीने उडी मारावी लागे. आपण उलटा विचार करीत होतो. उडी मारणाराने घडी घातली पाहिजे असे आई म्हणत होती. तेथे घडी घालणाराला उडी मारायला लावत होते. माझे मत विचाराल तर नवशिक्याने घडी जरूर शिकावी, जाणत्याच्या नजरेखाली दहादा घालावी, मोडावी. पण पहिल्या उडीला ती पाठीवर घेऊ नये. जाणत्याला आपली चूक दिसते. नवशिक्याला चूक आणि बरोबर ही दोन्ही सारखीच दिसतात, आईच्या मांडीवरच्या गुंत्यासारखी, आणि विमानाच्या दारात उभे राहिल्यावर तो आदल्या रात्रीची एकेक दुमड आठवू लागेल. तेथे त्याने फक्त पाय टाकायचा असतो. आमच्या वर्गातील काहींना हे मत पटत नाही. आपल्या शीतल महाजनचे उदाहरण ते देतात. पुण्याच्या या मुलीने 2004 मध्ये आयुष्यातील पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली. पण त्यावरून धाडस सिद्ध होते, घडीविषयी काही सिद्ध होत नाही. आईला मात्र शीतलताईंची दुसरी उडी अधिक आवडली: 2018 मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून मारलेली. इतक्या वाऱ्यात कासोटा सुटला कसा नाही, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

केटे पाउलुसचे पुढे फारसे सांगण्यासारखे नाही. युद्धानंतर जर्मनीत चलन कोसळले, 1923 पर्यंत पैशाची किंमत कागदाइतकी झाली, आणि तिची साठवलेली मिळकत त्यात गेली. हजारो छत्र्या शिवणारी ही बाई उतारवयात बर्लिनमध्ये साधेपणाने राहिली आणि 26 जुलै 1935 रोजी वारली.

हे सांगून झाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आईने एका मोठ्या गिऱ्हाइकाचे काम संपवून मशीनवर कापड टाकले होते. तिने आणखी एक गोष्ट विचारली: घडी घातल्यावर ती कोणी तपासते का, आणि कोणाचे नाव त्यावर राहते का? अनेक ठिकाणी प्रत्येक छत्रीबरोबर एक नोंदपत्र असते, मी सांगितले, आणि घडी घालणारा त्यावर तारखेसह सही करतो. हे उत्तर तिला सात हजारांच्या आकड्यापेक्षा अधिक पटलेले दिसले. तिने खण उघडला. संमतिपत्रावर कापड आखायच्या निळ्या खडूचा डाग पडला होता. तो तिने पदराने पुसला, अर्धा राहिलाच. सही करताना तिने मला बजावले, आग्र्याला पोहोचलीस की आधी ते नोंदपत्र बघ, आणि ज्याची सही असेल त्याचे नाव लिहून आण.